झाकलेला धनी : डॅनियल डिफो आणि वाचकाचा हक्क

१७१८ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका वयस्क पत्रकाराने चार्ल्स डेलाफे या सरकारी अधिकाऱ्याला पत्र लिहून आपल्या चाकरीचा हिशेब दिला. नॅथॅनियल मिस्ट नावाच्या मुद्रकाचे ‘वीकली जर्नल’ हे साप्ताहिक टोरी पक्षाच्या आणि जॅकोबाइट मंडळींच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराणे पुन्हा गादीवर यावे असे वाटणाऱ्यांच्या, विशेष आवडीचे होते. हा पत्रकार त्या साप्ताहिकाच्या संपादनात हात घालून बसला होता, आणि बसला होता तो त्यांच्या विरोधातल्या व्हिग सरकारच्या सांगण्यावरून. साप्ताहिकाचा सूर वरवर टोरीच राहू द्यायचा, म्हणजे त्या पक्षाचे लोक खूश राहतील आणि दुसरे पत्र काढण्याच्या भानगडीत पडणार नाहीत. आतून मात्र त्याची नांगी काढून टाकायची, अशी ही कामगिरी होती. आपण हे कोणाच्या हुकमाने करतो आहोत याचा मिस्टला किंवा त्याच्या साथीदारांना वाससुद्धा नाही, अशी ग्वाही त्याने दिली होती. ज्यांच्यात ऊठबस करावी लागते त्या लोकांचा आपल्याला मनापासून तिटकारा आहे, हेही धन्याच्या कानावर घालायला तो विसरला नव्हता.

या पत्रकाराचे नाव डॅनियल डिफो. वर्षभराने, २५ एप्रिल १७१९ रोजी, त्याची ‘रॉबिन्सन क्रूसो’ बाहेर पडली आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला बहुतांशी त्या एका पुस्तकासाठी लक्षात ठेवले. डेलाफेला लिहिलेली पत्रे सरकारी दप्तरखान्यात पडून राहिली. ती १८६४ साली सापडली, तेव्हा डिफोला जाऊन १३३ वर्षे झाली होती. तोवरचे चरित्रकार असे धरून चालले होते की १७१५ च्या सुमारास तो राजकारणातून अंग काढून घेऊन निवांतपणे कादंबऱ्यांकडे वळला. प्रत्यक्षात तो एका हाताने क्रूसोचे बेटावरचे दिवस मोजत होता आणि दुसऱ्या हाताने विरोधकांच्या साप्ताहिकातल्या ओळी खोडत होता.

इंग्रजी पत्रकारितेचा इतिहास लिहिणारे डिफोला आद्य पत्रकारांच्या पंक्तीत बसवतात, तर त्याच्या हयातीतले विरोधक त्याला भाडोत्री लेखणी म्हणत. दोन्ही मतांना भरपूर आधार आहे. पण त्यांची बेरीज करून ‘माणूस गुंतागुंतीचा होता’ एवढ्यावर थांबले, तर त्याच्या आयुष्यातून उभा राहणारा सार्वजनिक प्रश्न हातातून निसटतो. छापलेला मजकूर वाचणाऱ्याला, तो लिहिणाऱ्याचे पोट कोण भरतो हे कळण्याचा हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न आहे. असा हक्क आहे, असे माझे म्हणणे आहे. पत्रकाराला पक्ष असणे मला गैर वाटत नाही, त्याने मोबदला घेणेही गैर वाटत नाही. आपला धनी वाचकापासून झाकणे हा मात्र वेगळ्या जातीचा अपराध आहे, आणि डिफोइतका तो बारकाईने तपासता येईल असा दुसरा लेखक मला माहीत नाही.

त्याच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे आहे ते आधी बोलले पाहिजे. १६६० च्या सुमारास लंडनमध्ये मेणबत्त्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. वडिलांचे आडनाव साधे ‘फो’. त्याआधीचे ‘डि’ मुलाने पुढे स्वतःच जोडले. घराणे सरकारी चर्च न मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे, त्यामुळे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे बंद. शिक्षण झाले ते न्यूइंग्टन ग्रीन येथे चार्ल्स मॉर्टन याने चालवलेल्या शाळेत. १६८४ साली लग्न झाले तेव्हा बायकोने ३,७०० पौंडांचा हुंडा आणला. होजिअरी, दारू, तंबाखू, जहाजांचे विमे, इतकेच काय, सुगंधी द्रव्यासाठी जवादी मांजरे पाळण्याचा उद्योग, असे जे जे दिसले त्यात या गृहस्थाने पैसा घातला आणि १६९२ मध्ये १७,००० पौंडांचे कर्ज डोक्यावर घेऊन दिवाळे काढले. ते कर्ज त्याच्या मानगुटीवरून शेवटपर्यंत उतरले नाही. १७३१ च्या एप्रिलमध्ये तो मेला तोसुद्धा घरापासून दूर, सावकारांपासून तोंड लपवत. घेणेकऱ्यांच्या धाकात जगणाऱ्या माणसाच्या हाताला नीतिमत्तेचे माप लावताना हा तपशील विसरून चालत नाही.

छापण्यापूर्वी परवाना घेण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १६९५ साली संपली आणि लंडनमध्ये पत्रके, वार्तापत्रे, नियतकालिके यांचा पूर आला. १७०२ च्या डिसेंबरमध्ये डिफोने एक निनावी पत्रक काढले. सरकारी चर्च न मानणाऱ्यांचा निकाल लावण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्यांच्या प्रवचनकारांना फासावर आणि अनुयायांना हद्दपारीवर पाठवणे, असा त्याचा आशय. लिहिणारा स्वतः त्याच पंथातला, आणि मजकूर होता कट्टर चर्चवाल्यांच्या भाषेची हुबेहूब नक्कल. ती इतकी साधली की काही कट्टरांनी पत्रकाला माना डोलावल्या, आणि खरा प्रकार कळल्यावर दोन्ही बाजू खवळल्या. सरकारने त्याला पकडून देणाऱ्यास ५० पौंडांचे बक्षीस लावले. जाहिरातीत त्याचे वर्णन छापले होते, मध्यम उंचीचा, सडपातळ, नाक बाकदार, हनुवटी टोकदार, डोळे करडे आणि तोंडाजवळ मोठा तीळ. पकडल्यावर दंड, अनिश्चित काळ तुरुंगवास आणि १७०३ च्या जुलैअखेरीस लागोपाठ तीन दिवस भर चौकात, मान आणि मनगटे लाकडी चौकटीत अडकवून उभे राहण्याची शिक्षा झाली. अशा वेळी गर्दी कुजकी अंडी आणि दगड मारत असे, माणसे मरतही असत. डिफोवर मात्र लोकांनी फुले उधळली, असे सांगतात.

या प्रकरणात त्याने मुखवटा घातला होता, पण त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. उपरोधाचा मुखवटा फाटावा म्हणूनच घातलेला असतो. वाचकाने आधी फसावे, मग चपापावे आणि आपण कशाला मान डोलावली याची त्याला लाज वाटावी, हा त्या लेखनाचा हेतूच असतो. हेराचा मुखवटा याच्या उलट, तो कधीच फाटू नये यावर त्याचे सारे काम अवलंबून असते. डिफोची लेखणी एकीकडून दुसरीकडे गेली ती न्यूगेटच्या तुरुंगात.

तो तुरुंगात असताना इकडे टिलबरीचा त्याचा विटा-कौलांचा कारखाना बुडाला. तेव्हा रॉबर्ट हार्ली या मुत्सद्द्याने त्याला निरोप पाठवला, तुमच्यासाठी मी काय करू शकतो? डिफोने उत्तरादाखल बायबलमधला आंधळा लिहून पाठवला. प्रभू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू, आणि आंधळा म्हणतो, देवा, तुला दिसते आहे ना, की मी आंधळा आहे, आणि तरी तू विचारतोस? ही हकिकत डिफोनेच पुढे छापली, त्यामुळे तिच्यावर थोडी कलाकुसर झाली असणारच. नोव्हेंबर १७०३ मध्ये तो सुटला, राजकोशातून त्याचा दंड भरला गेला, आणि हार्लीला एक लेखणी मिळाली. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १७०४ रोजी, ‘रिव्ह्यू’ हे त्याचे नियतकालिक सुरू झाले. बहुतेक काळ आठवड्यातून तीनदा निघणारे आणि जवळजवळ एकहाती लिहिलेले हे पत्र जून १७१३ पर्यंत चालले. परराष्ट्र राजकारण, व्यापार, पत, कर अशा विषयांवर सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत नियमित लिहिण्याची वाट त्याने पाडली. सुरुवातीच्या काळात दुसऱ्या पत्रांच्या चुका पकडून त्यांची टर उडवणारे एक सदरही त्यात असे. आजचे तथ्य-पडताळणीवाले ज्या कामाचा अभिमान बाळगतात ते काम लंडनमध्ये तीनशे वर्षांपूर्वी चालू होते, आणि ते करणारा मंत्र्याच्या पैशावर जगत होता.

त्याच सुमाराचे एक पुस्तक मला डिफोच्या विरोधातला सर्वांत बिनतोड पुरावा वाटते. तुरुंगातून सुटून महिनाही झाला नव्हता तोच २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर भीषण वादळ आले. आरमाराची जहाजे बुडाली, एडिस्टोनचे दीपगृह ते बांधणाऱ्या हेन्री विन्स्टन्लीसकट समुद्रात गेले, बाथ आणि वेल्सचे बिशप झोपेतच धुराडे कोसळून सपत्नीक ठार झाले. डिफोने वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन गावोगावच्या लोकांना आपापल्या डोळ्यांदेखतची हकिकत कळवण्याची विनंती केली आणि आलेल्या पत्रांतून १७०४ मध्ये ‘द स्टॉर्म’ हे पुस्तक उभे केले. स्वतः केंट परगण्यात फिरून तो उन्मळून पडलेली झाडे मोजत गेला आणि १७,००० पर्यंत पोहोचल्यावर कंटाळून मोजणी सोडली. घटनास्थळी जाणे, साक्षीदार शोधणे, आकडा लिहिणे आणि आकडा कुठे थांबला तेही लिहिणे, अशी वार्ताहराची सारी शिस्त या पुस्तकात आहे. प्रस्तावनेत त्याने म्हटले आहे की प्रवचन मूठभर लोक ऐकतात, पण पुस्तक छापणे म्हणजे साऱ्या जगाशी बोलणे आहे; छापून खोटे सांगणारा आपल्या मुलांना आणि त्यांच्या मुलांना जगाच्या अंतापर्यंत खोटे बोलायला लावतो. छापील शब्दाची जबाबदारी याहून कठोर शब्दांत क्वचितच कोणी मांडली असेल. त्यामुळे ‘त्या काळी असे नियम नव्हते’ ही सबब निदान डिफोच्या बाबतीत टिकत नाही.

१७०६ च्या शरद ऋतूत हार्लीने त्याला एडिंबरोला पाठवले. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या पार्लमेंटांचे एकीकरण व्हावे की नाही यावर तिथे रस्त्यावर दंगली चालू होत्या. डिफोने तिथून हार्लीला लिहिलेले एक पत्र वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो. मी प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलतो, असे तो कळवतो. व्यापाऱ्यांना वाटते की मी इथे धंदा थाटायला आलो आहे, वकिलांना वाटते की मला जमीनजुमला घ्यायचा आहे. ग्लासगोवाल्यांपुढे मी मासळीचा व्यापारी असतो, ॲबर्डीनवाल्यांपुढे लोकरीचा, पर्थवाल्यांपुढे तागाच्या कापडाचा. स्कॉटिश पार्लमेंटच्या समितीपुढे करांच्या हिशेबाचा जाणकार म्हणून तो बसला आणि एकीकरणाच्या बाजूची पत्रके त्याने त्रयस्थ हितचिंतकाच्या आवाजात लिहिली. १ मे १७०७ रोजी एकीकरण अमलात आले. त्या वाटाघाटींत असलेल्या जॉन क्लार्क याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले की डिफो हेर होता, पण तसे कोणाला माहीत नव्हते, नाहीतर एडिंबरोच्या जमावाने त्याचे तुकडे केले असते.

इथे त्याचे समर्थक म्हणतील, आणि काही अंशी रास्तच म्हणतील, की एकीकरण व्हावे असे डिफोचे स्वतःचेही मत होते. मला ते मान्य आहे. पैसे घेऊन लिहिलेले प्रत्येक वाक्य खोटे असते असे नाही, आणि फुकट लिहिलेले खरे असते असे तर मुळीच नाही. पण स्कॉटलंडच्या वाचकाला एखादा युक्तिवाद पटण्यासारखा आहे का एवढेच ठरवायचे नव्हते. हा माणूस आपल्याला तो का सांगतो आहे, याचेही वजन त्याला करायचे होते. लंडनच्या मंत्र्याने पाठवलेला माणूस लंडनशी एक व्हा म्हणतो, आणि दुकान थाटायला आलेला परका व्यापारी तेच म्हणतो, या दोहोंना ऐकणारा वेगवेगळे वजन देतो, आणि त्याने तसे देणे योग्यच आहे. तो तराजूच डिफोने काढून घेतला होता.

दुसरा बचाव असा की त्या काळी सगळेच विकले गेले होते. जोनाथन स्विफ्ट १७१० पासून हार्लीच्याच बाजूने ‘एक्झामिनर’मध्ये लिहीत होता, तोही निनावी. हार्लीने ५० पौंडांची हुंडी पाठवली तेव्हा स्विफ्टला अपमान वाटला आणि त्याने ती परत केली. चर्चमधल्या बढतीची आशा मात्र त्याने सोडली नाही आणि १७१३ साली त्याला डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे डीनपद मिळाले. हाच स्विफ्ट डिफोचा उल्लेख करताना ‘तो चौकात उभा केलेला इसम, नाव विसरलो’ असे लिहितो. उच्चभ्रू तुच्छतेचा इतका अस्सल नमुना शोधून सापडणार नाही! दोघांच्या प्रामाणिकपणात मला फारसे अंतर दिसत नाही, अंतर आहे ते वाचकाच्या ठिकाणी. ‘एक्झामिनर’ सरकारची बाजू मांडतो हे लंडनच्या कॉफीगृहात बसणाऱ्या कोणालाही ठाऊक होते, आणि ते धरूनच तो वाचला जाई. ‘रिव्ह्यू’ मात्र स्वतंत्र असल्याचे सांगत राहिला. १७०८ मध्ये हार्ली पडला तेव्हा डिफो गोडॉल्फिन या दुसऱ्या मंत्र्याकडे गेला, १७१० मध्ये हार्ली परतला तेव्हा पुन्हा हार्लीकडे आला, आणि दर वळणावर वाचकाला सांगितले गेले की देशहिताचा विचार करता हेच योग्य आहे. १७१५ साली आत्मसमर्थनार्थ काढलेल्या पुस्तिकेत त्याने गंभीरपणे लिहिले की गोडॉल्फिनच्या काळानंतर आपण कोणाच्या सूचनेवरून काहीही लिहिलेले नाही. हार्लीला लिहिलेली त्याची स्वतःची पत्रे या वाक्याला साक्ष देत नाहीत.

तरीही मिस्टच्या साप्ताहिकातला प्रकार या सगळ्याहून निराळा आणि वाईट आहे, असे मला वाटते. एडिंबरोत त्याने निदान स्वतःचा युक्तिवाद मांडला होता; तो छापलेला होता, कोणालाही खोडता येत होता. मिस्टकडे त्याचे मुख्य काम होते ते न छापण्याचे. सरकारला बोचेल ती ओळ काढायची, बातमीची धार बोथट करायची, पत्रलेखकाचा संताप सौम्य करायचा, आणि उरलेल्या मजकुराला विरोधकांच्या रागाचा वर्ख लावायचा. खोटे छापले तर ते उद्या उघडे पडू शकते, कारण कागदावर काहीतरी आहे, आणि जे आहे त्याला विचारता येते. वगळलेल्या ओळीला कोण विचारणार? मिस्टचा वाचक दर शनिवारी आपल्या पक्षाचे पत्र विकत घेत होता, त्यातली चीड वाचून सुखावत होता, आणि आपल्याला किती चिडू द्यायचे हे व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत, ठरते आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. विरोधी पत्र बंद पाडले असते तर निदान ते बंद पडल्याचे त्याला दिसले असते. अर्थात डेलाफेला लिहिलेली पत्रे म्हणजे चाकराने धन्याला सांगितलेली स्वतःची फुशारकी आहे हे ध्यानात ठेवून थोडी वजावट केली पाहिजे; मिस्टचे साप्ताहिक सरकारला पुढेही बोचत राहिलेच. पण हेतू काय होता हे पत्रांतून पुरेसे स्पष्ट आहे.

हा जुना मामला आहे असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. २००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’ हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकाच्याही तोंडी बसला. उमेदवाराच्या कौतुकाने भरलेला मजकूर बातमीच्या वेषात, बातमीच्या टंकात, पैसे घेऊन छापला गेला, अशी तक्रार होती. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, आणि गंमत अशी की २०१० मध्ये कौन्सिलने वृत्तपत्रांची नावे घेणारा तिचा सविस्तर अहवाल बाजूला ठेवून त्रोटक अहवाल स्वीकारला; मूळ अहवाल लोकांसमोर आला तो पुढच्या वर्षी केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. झाकलेल्या धन्यांविषयीच्या अहवालातच नावे झाकली गेली. त्या वेळच्या चर्चेत ‘निःपक्षपाती पत्रकारिता’ हा शब्दप्रयोग फार झाला. मला तो आदर्श पोकळ वाटतो. मत नसलेला लेखक वाचण्याजोगा नसतो, आणि आमच्याकडच्या मोठ्या संपादकांपैकी कोणीही निःपक्षपाती नव्हते. वाचकाने मागायचे ते यापेक्षा साधे आणि कठीण आहे. बाजू घ्या, पण तुम्हाला कोणाचे देणे आहे ते पानावर लिहा. पैसे देऊन आलेला मजकूर असेल तर तसे ठळक अक्षरांत छापा, मालकाचा उद्योग ज्या धोरणावर अवलंबून आहे त्यावर अग्रलेख लिहिताना तसे एक वाक्य टाका. आणि काय छापले नाही याविषयी संपादकाला जाब विचारता येईल अशी एखादी जागा वृत्तपत्रात ठेवा. शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, कारण मालकाला ती सर्वांत महाग पडते.

यावर कोणी म्हणेल की मग कादंबरीकार डिफोलाही याच मापाने मोजा. ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या मुखपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेले’ असे छापले होते, लेखकाचे नाव नव्हते. प्रस्तावनेत ‘संपादक’ सांगतो की ही खरी घडलेली हकिकत आहे, तिच्यात कल्पिताचा मागमूस नाही. ‘मॉल फ्लँडर्स’ आणि ‘रॉक्साना’ या कादंबऱ्यांवरही त्याचे नाव नव्हते. मग हे खोटे कसे नव्हे? डिफोला स्वतःलाच हा प्रश्न सतावत असावा. क्रूसोच्या तिसऱ्या भागात, १७२० मध्ये, त्याने लिहिले की गोष्ट कल्पनेने भरून काढणे हे असे खोटे आहे की त्याने काळजाला मोठे भोक पडते आणि त्यातून खोटेपणाची सवय हळूहळू आत शिरते. माझ्या मते इथे तो स्वतःवर नको तिथे कठोर झाला आहे. क्रूसो खरा असे समजून कोणी मत दिले नाही, कोणी करार केला नाही, कोणी कोणावरचा राग गिळला नाही. शिवाय मुखवटा फाटायला वेळही लागला नाही; चार्ल्स गिल्डन याने त्याच वर्षी टवाळीची पुस्तिका काढून लेखक कोण ते जाहीर केले, आणि तरी खप वाढतच गेला. एडिंबरोत मासळीवाला, लोकरवाला आणि तागवाला होऊन फिरणारे कसब कादंबरीत चोरणी झाले, गणिका झाले, बेटावरचा खलाशी झाले. कसब तेच होते. कादंबरीत वाचक त्या मुखवट्याला राजी असतो, आणि साप्ताहिकात त्याला कोणी विचारलेले नसते.

याचा कस लागतो तो ‘अ जर्नल ऑफ द प्लेग यिअर’ या १७२२ च्या पुस्तकात. १७२० मध्ये मार्सेय बंदरात प्लेग उतरला होता, लंडन धास्तावले होते, आणि डिफोने १६६५ च्या लंडनच्या प्लेगची हकिकत ‘एच. एफ.’ नावाच्या खोगिराच्या व्यापाऱ्याच्या तोंडून सांगितली. प्लेग आला तेव्हा डिफो स्वतः पाचएक वर्षांचा होता. पुस्तक उभे आहे ते मृत्युनोंदींची साप्ताहिक पत्रके, सरकारी हुकूम, वैद्यांचे ग्रंथ आणि ऐकीव आठवणी यांवर. हा खोगीरवाला ती पत्रके कशी वाचतो ते पाहण्यासारखे आहे. सेंट जाइल्स आणि सेंट अँड्र्यू या परगण्यांत आठवड्याला साधारण बारा ते सतरा-एकोणीस प्रेते पुरली जातात हे त्याला माहीत आहे; प्लेगच्या रकान्यात काहीच नसताना एकूण आकडा त्यापुढे चढू लागला की त्याच्या मनात पाल चुकचुकते. मग तो ‘पुरळ्या ताप’, ‘साधा ताप’, ‘दात येणे’ हे रकाने ताडून पाहतो आणि कुटुंबांनी घराला टाळे लागू नये म्हणून प्रेत तपासणाऱ्यांना पैसे चारून दुसरेच कारण नोंदवून घेतले, हे दाखवून देतो. सरकारी पत्रकांत प्लेगचे बळी सुमारे ६८ हजार. त्याच्या अंदाजाने ते लाखाहून कमी नव्हते. कोविडच्या काळात स्मशानातली नोंद आणि सरकारी आकडा शेजारी ठेवून पाहणाऱ्या आपल्याकडच्या वार्ताहरांनी नेमके हेच केले.

वगळलेले कसे वाचायचे याचा हा धडा लिहिणारा माणूस त्याच काळात मिस्टच्या साप्ताहिकातून ओळी वगळत होता. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. जो दर आठवड्याला सत्याच्या कडा कापतो त्यालाच कापलेल्या कडांचे माप ठाऊक असते. पुस्तकाच्या सुरुवातीला खोगीरवाला सांगतो की त्या काळी अफवा पसरवायला आणि माणसांच्या कल्पकतेने त्या फुगवायला छापील वृत्तपत्रे नव्हती. इतिहास म्हणून हे तितकेसे बरोबर नाही, वार्तापत्रे तेव्हाही होती. पण वृत्तपत्रांविषयीचा एवढा अविश्वास त्याच्या तोंडी घालणारा लेखक अविश्वासाची कारणे आतून जाणत होता.

या लपवालपवीची किंमत डिफोलाही मोजावी लागली, आणि ती वाढतच गेली. १८६४ ची पत्रे हाती आल्यावर विल्यम ली या चरित्रकाराने त्यांच्या आधाराने मिस्टच्या आणि इतर नियतकालिकांतले असंख्य परिच्छेद डिफोच्या नावावर चढवले. शैलीच्या अंदाजावर पुढच्या अभ्यासकांनी ही यादी फुगवत नेली आणि विसाव्या शतकात ती पाचशेच्या वर गेली. नंतर फर्बँक आणि ओवेन्स या दोन अभ्यासकांनी प्रत्येक नोंदीमागे पुरावा काय असे विचारले आणि यादी निम्म्याच्या आसपास आणून ठेवली. म्हणजे इंग्रजी कादंबरीच्या आद्य पुरुषांपैकी एकाने नेमके काय लिहिले, याचेच उत्तर आज खात्रीने देता येत नाही. त्याने प्रामाणिकपणे लिहिलेले, मागणीवरून लिहिलेले आणि कधीच न लिहिलेले असे तिन्ही एकाच ढिगात पडले आहे, आणि ते निवडण्याची खूण त्याने स्वतःच पुसून टाकली होती. मिस्टच्या साप्ताहिकातून त्याने काय काय खोडले, याची तर यादी करायलाही काही उरलेले नाही.